सुमित्रावहिनींचा गुळाचा डबा

सुमित्रावहिनी आमच्या शेजारच्या. अरेरा कॉलोनीत त्यांच्या न् माझ्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर, त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडण मला टीव्हीपेक्षा स्पष्ट ऐकू येतं. बाई सरळ, पण एकदम हट्टी! त्यांचे यजमान नरहरभाऊ. मधुमेहाने त्यांचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन साखर जास्त म्हणून दोनदा पुढे ढकललेलं. डॉक्टरांनी शेवटचं बजावलं, "ऑपरेशनच्या दिवशी, गुरुवारी सकाळी, उपाशीपोटी साखर दीडशेच्या आत हवी. नाहीतर या डोळ्याचीही मी खात्री देत नाही."

पुण्याहून लेकीने, जुईने, यादी पाठवली. पोळी बंद, भात बंद, बटाटा बंद. भाजी रॅडिकियोची. दिसायला मूठभर लाल कोबी, चवीला कारल्याची सख्खी बहीण! पोळीऐवजी त्याच्या पानात पनीर गुंडाळायचं, उरलेली पानं चिरून तूप-जिऱ्यावर परतायची. वहिनी भर उन्हात मोठ्या दुकानात जाऊन ते गड्डे आणायच्या. पंधरा दिवस घरात तवा चढला नाही. स्वतःही तेच खाल्लं.

आणि साखर? दोनशे दहा. दोनशे चार. दोनशे बारा.

संशय अर्थातच भाऊंवर.

"कोपऱ्यावर जाऊन जिलबी खाताय ना? खरं सांगा!"

"नाही गं."

"मग साखर काय आभाळातून पडते?"

वहिनींनी त्यांचं फिरायला जाणंच बंद केलं. भाऊ खाली मान घालून सगळं ऐकून घ्यायचे. मलाही त्यांचाच राग येत होता, खोटं कशाला बोलू!

मंगळवारी दुपारी मी विरजण मागायला गेले. वहिनी भाजी परतत होत्या, डोळे रडून सुजलेले.

"मंजूषा, परवावर आलं गं. यांना दिसेनासं झालं तर मी काय करू?"

बोलता बोलता त्यांचा हात फडताळाकडे गेला, डबा उघडला आणि लिंबाएवढा गुळाचा खडा कढईत पडला.

"वहिनी! गूळ?"

"अगं, कडू असते ना भाजी. कारल्यात नाही का आपण..."

आणि त्या थांबल्या. चाळीस वर्षं जो हात हेच करत आलाय, तो डोक्याला कशाला विचारतोय? आपल्या जिभेला तर गुळाची भाजी गोड लागतच नाही, भाजीसारखी लागते. जुईच्या यादीतही गुळाचं नाव नव्हतं. भाजीत कोण साखर शोधणार?

वहिनींनी गॅस बंद केला. मी कढई रिकामी केली आणि गुळाचा डबा उचलून माझ्या घरी नेला.

पुढचे दोन दिवस भाऊंनी ती कडूजहर भाजी कशीबशी गिळली. गुरुवारी सकाळी वहिनींना धीर होईना, भाऊंच्या बोटाला सुई मलाच टोचावी लागली. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा यायला पाच सेकंद लागतात. आम्ही तिघं त्यावर वाकलो.

एकशे शेहेचाळीस.

वहिनींना रडूच फुटलं. "पंधरा दिवस तुम्हाला चोर म्हटलं हो. माफ करा मला."

"अगं, चोर मीच," भाऊ हळूच म्हणाले. "भाजीत गूळ आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू बंद केला असतास."

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "मंजूषा, यांना दवाखान्यात तूच ने. मी आले तर तिथेच गळा दाबीन यांचा!"

एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या आणि आमच्या आधी रिक्षात जाऊन बसल्या.