सांगलीची हळद आणि मोटारीचं पाणी

पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सकाळच्या घंटेआधी माझी थोरली बहीण आक्का माझ्या वेण्या घालायची. दगडी पायरी गार, तिचे हात त्याहून गार. "हलू नकोस, शकू," एवढंच म्हणायची, आणि वेणी इतकी घट्ट की दुपारपर्यंत माझ्या भुवया वर ओढलेल्या. गेल्या महिन्यात सांगलीहून तिचा निरोप आला, "कायमची तुझ्याकडे येते, न्यायला ये," तेव्हा पहिल्यांदा ती पायरीच आठवली.

आम्ही दोघीही आता एकट्या. ती सांगलीला पुतण्याकडे, मी साताऱ्याला. येते येते म्हणत तिनं कित्येक वर्षं घालवली होती. तिचं मन फिरायच्या आत पोचायला हवं होतं. मी पेट्रोलची कुपनं जमवली, यजमानांची जुनी मोटार काढली, त्यांच्या पलटणीपासून आमच्याकडे असलेल्या धोंडीबाला शेजारी बसवलं आणि उजाडताच निघाले.

कऱ्हाडपर्यंत रस्ता सुरेख, दोन्ही बाजूंना वडाची सावली. कऱ्हाडला खाणावळीत गरम भाकरी, पिठलं आणि ताजं ताक घेतलं. दोघांचं जेवण रुपयाच्या आत झालं. पुढे मात्र बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या लागतात. मोटार त्यांत घालू नये, कडेनं सावकाश न्यावी.

कासेगावजवळ बॉनेटमधून वाफ आली. मी इंजिन बंद केलं आणि झाडाखाली बसले. प्रवासाला निघणाऱ्या मैत्रिणींनो, तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं. शेजारच्या विहिरीवर मोट चालू होती. मोटवाल्यानं बादली भरून दिली.

"बाई, तुमच्या गाडीला लय तान लागलीया."

"मालक असताना अशी पीत न्हवती," धोंडीबा म्हणाला.

"तेव्हा ती तरणी होती, धोंडीबा. तूही होतास," मी म्हटलं.

आष्ट्याला पुन्हा पाणी घातलं. सांगलीचा पूल ओलांडला तेव्हा रेडिएटर पुन्हा अर्धा झाला होता.

आक्का वळकटी बांधून तयार होती. मोटारीभोवती फिरून तिनं अट सांगितली. "ही वाटेत बंद पडली, तर मी तिथूनच सर्व्हिस मोटारीनं माघारी. उन्हात रस्त्याकडेला बसणं आता माझ्यानं होत नाही. आणि मग पुन्हा बोलावू नकोस."

सकाळी मी कामाला लागले. मोटारीखाली जमीन कोरडी. रबरी नळ्यांवरून हात फिरवला, त्याही कोरड्या. इंजिनातलं तेल पाहिलं. पाणी आत गेलं असतं तर ते दुधाळ झालं असतं, पण ते स्वच्छ होतं. म्हणजे पाणी बाहेरच जात होतं, आणि तेही फक्त इंजिन चालू असताना. इतकं ठरवून मी चहाला आत गेले.

बाहेर येते तो आक्काचा पुतण्या नाना हात झटकत उभा. नानाचा हळदीचा व्यापार.

"मावशी, काळजी मिटली बघा! हळद घातली. गळती आपोआप बुजती."

"किती घातलीस?"

"लॉरीवाले चिमूटभर घालत्यात. मी दोन ओंजळी घातली. पेवातली, एक नंबर. घरच्या गाडीला चिमटीनं काय घालायचं?"

जमिनीखालच्या पेवात ठेवलेली हळद वर्षानुवर्षं किडत नाही, हे खरं. पण रेडिएटरच्या बारीक नळ्यांना दोन ओंजळी म्हणजे बांध घातल्यासारखं. पुलापर्यंत जाऊन परत येईतो पाणी खदखदू लागलं.

आक्का खिडकीत उभी होती. "शकू, वळकटी सोडू का?"

"सोडू नकोस!" मी ओरडले.

बॉनेट उघडलं आणि मला हसू फुटलं. पाण्याच्या पंपाच्या दांड्यापासून पिवळ्या ठिपक्यांची रांगच उमटली होती, थेट पंख्याच्या पात्यांपर्यंत. गळणारं पाणी पंखा उडवत होता आणि तापलेल्या इंजिनावर ते सुकत होतं. म्हणून जमीन कोरडी! नुसत्या पाण्यानं जे दाखवलं नसतं ते हळदीनं दाखवलं.

"बगा, कामाला आली का न्हाई?" नाना म्हणाला.

"आली. आता तीच बाहेर काढायला बादल्या आण."

खालची तोटी उघडून, उलट्या बाजूनं पाणी सोडून रेडिएटर धुतला, पाणी जवळजवळ निवळेपर्यंत. मग पंपाच्या दांड्यावरचं नट सैल केलं. आतली पाणी अडवणारी दोरी कुजून भुगा झाली होती. ती मी अंबाड्यातल्या आकड्यानं उकरून काढली. उसाच्या मळ्यांवरच्या इंजिनांना लागते तशी तेलकट दोरी सांगलीच्या बाजारात सहज मिळते. ती गुंडाळली, ग्रीस चोपडलं आणि नट बेतानं आवळलं. फार आवळलं तर दांडा तापतो. अधूनमधून एखादा थेंब आला तर येऊ द्यावा.

दुसऱ्या दिवशी निघालो. आक्का मागे ताठ बसली होती, एक हात दारावर. उंब्रजच्या पुढे मी वडाखाली मोटार उभी केली.

"बंद पडली?" आक्कानं विचारलं.

"नाही. मी थांबवली. खाली उतर आणि बघ."

इंजिन निवल्यावर फडकं धरून झाकण काढलं. पाणी काठोकाठ, किंचित पिवळसर. आक्का बराच वेळ वाकून बघत राहिली. मग पुढचं दार उघडून धोंडीबाला म्हणाली, "तू मागं बस. मला रस्ता बघायचाय."

घरी येऊन आठवडा झाला. माझ्या नखांतला पिवळा रंग अजून गेलेला नाही, आणि जावा असं वाटतही नाही. इतके दिवस मी एकटीचाच चहा टाकत होते. आता दोन कप मांडताना हात अजून अडखळतो. काल आक्कानं नानानं भरून दिलेली पोती उघडली आणि मला वाटणी सांगितली.

"गुळाची ढेप धोंडीबाच्या घरी दे. हळद आळीत सगळ्यांना, पण सोबत सांग, खायची आहे. पितळेची समई नानाच्या बायकोला परत पाठव. घाईत माझ्या सामानात आली. आणि नदीकडची माझी खोली त्याच्या मुलींना द्यायची. नाना म्हणतो, कुलूप लावून तशीच ठेवतो. त्याला लिही, कुलूप काढ, पोरींना आत झोपू दे."