तिरफळाच्या नावावर

गारखेड्यात मीनाक्षीच्या घरी रविवारी दुपारी माशाचं जेवण मिळतं, हे पाटी न लावताच लोकांना ठाऊक झालं होतं. पुढच्या खोलीत चार टेबलं, आत स्वयंपाकघर, मागे हातभर परस. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. नवऱ्याला, मंदारला, वाळूजच्या कंपनीत नोकरी, म्हणून लग्नानंतर ती इथं आली. या गावाला समुद्र नाही याचं तिला तितकं वाईट वाटलं नाही, जितकं सोलकढीत साखर मागणाऱ्या शेजाऱ्यांचं वाटलं.

बारा वर्षांत तिनं त्यांना वळण लावलं. शनिवारी संध्याकाळी मालवणहून थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून मासे निघत आणि खासगी बसमधून रविवारी सकाळी सहाला बाबा पेट्रोल पंपापाशी उतरत. माशाची पारख तिला आईनं शिकवली होती. कल्ला उचलून लाली बघायची, डोळा बघायचा, अंगावर बोट दाबायचं आणि शेवटी वास घ्यायचा. चारांपैकी नाकाचा निकाल अखेरचा.

अडचण होती ती तिरफळाची, कोकणातल्या त्या मसाल्याच्या फळाची. बांगड्याच्या तिखल्यात, त्या दाट तिखट कालवणात, ठेचलेली तिरफळं पडलीच पाहिजेत, आणि ती पडली की जीभ चुरचुरते, ओठ जरा बधिर होतात. नवं गिऱ्हाईक पहिल्या घासालाच दचकायचं. त्यावर मीनाक्षीचं उत्तर ठरलेलं होतं: "ते तिरफळ आहे. घाबरू नका, जेवा." भाकऱ्यांना येणाऱ्या बानाबाईंनाही ते पाठ झालं होतं. बानाबाई कन्नड तालुक्यातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. बकऱ्याचं कालवण आवडीनं खातील, पण माशाला शिवत नसत. ज्याला पाय नाय त्याला खायचं तरी कसं, असं त्यांचं म्हणणं.

वैशाखातल्या त्या रविवारी बस नगरच्या अलीकडे बंद पडली. पेटी हाती आली तेव्हा दहा वाजून गेले होते. मंदार कंपनीच्या कामानं पुण्याला गेलेला, म्हणून मीनाक्षीच रिक्षानं जाऊन ती घेऊन आली. झाकण काढलं तर बर्फाचं पाणी झालेलं, आणि पाणी कोमट. तिनं कल्ले उचलले. लाल होते. डोळे पाणीदार. बोट दाबलं तर मांस वर आलं. वास घेतला, पुन्हा घेतला. समुद्राचाच वास. कोमट पाण्याची टोचणी मनाला लागली, पण नाक हो म्हणत होतं, आणि दहा माणसं जेवायला सांगितलेली होती.

तव्यावरचा पहिला तळलेला तुकडा नेहमी स्वरालीचा. स्वराली सहावीत होती. तिरफळ तिला मुळीच सोसत नसे, म्हणून ती तळलेलं तेवढं खाई. त्या दिवशी तिनं ओट्याशी उभ्यानंच दोन बांगडे संपवले आणि आत वाचत पडली.

साडेबारापर्यंत टेबलं भरली. बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर असलेला इंद्रजीत नेहमीच्या खिडकीशी बसला होता. तिखल्याचे चार घास झाल्यावर तो म्हणाला, काकू, आज जीभ जरा जास्तच चुरचुरतेय. मीनाक्षीनं हसून ठरलेलं वाक्य सांगितलं. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनीही तेच विचारलं, त्यांनाही तिनं तेच सांगितलं. तिसऱ्यानं कानशिलं गरम झाल्याचं म्हटलं, तेव्हा तिला वाटलं, आज तिरफळं घालताना हात सैल सुटला. पुढच्या वेळी दोन कमी घालायची.

मग स्वराली दारात येऊन उभी राहिली. कान, गळा, हात, सगळं लालबुंद, जणू कोणी उकळतं पाणी ओतलंय. ओठ सुजल्यासारखे दिसत होते.

"आई, माझी जीभ टोचतेय," ती म्हणाली. "आणि छातीत धडधडतंय."

"तिरफळ लागलं असेल गं," मीनाक्षीच्या तोंडून आपोआप गेलं.

बानाबाईंनी थापलेली भाकरी परातीत तशीच सोडली. "बाई," त्या म्हणाल्या, "पोरीनं त्या कालवणाला हात बी लावला नाय. नुस्तं तळलेलं खाल्लं तिनं."

तळणीत तिरफळ नव्हतं. मीठ, हळद, मिरची, कोकम, तांदळाचं पीठ. तिरफळ नाही, मग जीभ कशानं टोचते? मासा. ज्याचा वास तिनं दोनदा घेतला होता तोच मासा. वेंगुर्ल्यात होडीतून तव्यावर यायला त्याला तास लागायचा. चार तास कोमट पाण्यात बसलेल्या बांगड्याबद्दल आईनं काही शिकवलं नव्हतं, कारण आईवर तशी वेळच आली नव्हती.

तिनं पोरीचं मनगट धरलं. नाडी बोटांखाली पाखरासारखी फडफडत होती. पुढच्या खोलीत माणसं जेवत होती. क्षणभर तिच्या मनात आलं, मागच्या दारानं पोरीला घेऊन निघावं, मग बघू. एकदा तोंडातून शब्द गेला की या घरात पुन्हा कोणी पान मांडून घेणार नव्हतं. पण इंद्रजीतचेही कान आता लाल दिसत होते, आणि तो भात कालवत होता.

"जेवू नका," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "कोणी पुढचा घास घेऊ नका. मासा बाधलाय. मघाशी मी तिरफळ म्हटलं ते खोटं निघालं."

कोणीतरी खुर्ची सरकवली. कोणी रागावलं नाही, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. इंद्रजीत स्वतः गाडी चालवू धजला नाही. शेजारच्यांनी गाडी काढली, दोन फेऱ्यांत सगळ्यांना कोपऱ्यापलीकडच्या दवाखान्यात नेलं. पहिल्या फेरीत स्वराली आईच्या मांडीवर होती, अनवाणी आईच्या. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "आई, मी मरणार नाही ना?" मीनाक्षीनं नाही म्हटलं. पण मघाशी तिरफळही तिनं इतक्याच खात्रीनं म्हटलं होतं.

डॉक्टरांनी सुई दिली, सलाईन लावलं आणि मग विचारलं, मासा कुठून, कसा आला. बांगडा, सुरमई असले मासे उबेत राहिले की त्यांच्यात एक विषार तयार होतो, ते म्हणाले. त्याला वास नसतो, आणि तो शिजवून जात नाही. तुमच्या नाकाला कळणारच नव्हतं, ताई. हे त्यांनी धीर द्यायला सांगितलं. मीनाक्षीला त्यातला धीर सापडला नाही. ती पोरीच्या गळ्यावरची लाली बघत बसली. सुई दिल्यावर तासाभरानं लाली हनुवटीखालून उतरली, मग खांद्यावरून. चारच्या सुमारास स्वरालीनं भूक लागल्याचं सांगितलं, तेव्हा मीनाक्षी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडली. बाकीचेही संध्याकाळपर्यंत घरी गेले.

पुढचा रविवार तिनं घेतला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी मालवणहून पेटी निघाली, आणि बस सकाळी साडेआठला आली. बर्फ अर्धा उरला होता. पाणी गार होतं की कोमट, तिला ठरवता येईना. तिनं हात बुडवला, काढला, पुसला, पुन्हा बुडवला. कल्ले लाल, डोळे पाणीदार. मालवणचा मासेवाला फोनवर शपथेवर सांगत होता की एकदम ताजा माल आहे, काही होत नाही.

तिनं बानाबाईंना पिठलं टाकायला सांगितलं आणि पेटी उचलून परसात नेली. बानाबाईंनी आधीच कुदळ आणून ठेवली होती. खड्डा खोल लागेल, नायतर मांजरं उकरतील, एवढंच त्या म्हणाल्या.

स्वराली मागे येऊन उभी राहिली. खड्ड्यात उतरणारे चकचकीत बांगडे तिनं जरा वेळ पाहिले.

"आई, वास तर चांगलाच येतोय की गं."

"येतोय," मीनाक्षी म्हणाली, आणि माती लोटू लागली.