स्वयंपाकघराचा कोपरा

मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मूर्तिजापूर रोडवर मी बांधलेल्या एका घराचा स्वयंपाकघराकडचा कोपरा काळ्या मातीवर उभा आहे.

आमची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून पाया खालचा कठीण मुरूम लागेपर्यंत खोदायचा. त्या कोपऱ्यात मुरूम लागेना. जेसीबी माझ्या अमरावतीच्या मोठ्या साइटवर पाठवायचा होता. मी म्हटलं, "बस, काँक्रीट टाका." वर प्लिंथ, म्हणजे जोतं, पूर्ण केलं.

भिंती पावसाळ्यानंतर घ्यायच्या होत्या. चौकटीच्या पूजेच्या आदल्या दिवशी रहीम मिस्त्रीनं जोत्याची पातळी तपासायला पाण्याची नळी लावली. दोन्ही टोकांना जोत्यापासून पाण्याची उंची सारखी आली पाहिजे. आली नाही.

"साहेब, कोपरा दीड इंच बसला."

तेवढ्यात मालक प्रल्हादभाऊ आले. फुलशेती करणारा माणूस. "उद्या तेल्हाऱ्याचे पाहुणे येऊन राह्यले. काई लफडं तं नाई ना?"

"नाही भाऊ. थोडा उतार आहे, लेव्हल करून घेतो."

ते गेल्यावर मिस्त्री म्हणाला, "भिंत तं सरळ येईन. खालचं काय?"

"खालचं मी पाहतो."

"पाहता म्हंजे? खाली उतरून खांदा देता का?"

मी हसलो. बसायचं तेवढं बसलं असेल, अशी स्वतःची समजूत घातली. मुहूर्त मोडला असता तर का, हे सांगावं लागलं असतं. जोत्यावर काँक्रीटचा थर टाकला, कोपऱ्यात जाड, बाकी निमुळता. भिंती ओळंब्यात आल्या. पाहुण्यांनी कौतुक केलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीपासून तिरपी भेग गेली. प्रल्हादभाऊंनी बोलावलं.

"काहून झालं हे, साहेब?"

बाहेर त्याच भिंतीला लागून त्यांच्या बायकोचा, सुनंदाबाईंचा मोगरा होता. त्याचे गजरे त्या स्वतः विकायच्या. मी म्हणालो, "भिंतीशी रोज पाणी पडतं ना, त्यानं माती हलते." हे अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच सहज तोंडातून निघालं.

"घे!" प्रल्हादभाऊ बायकोकडे वळले. "तुह्या मोगऱ्यानं घर खाल्लं!"

"मले काय मालूम होतं?" एवढंच त्या म्हणाल्या. मोगरा त्यांनी आपल्या हातानं उपटला. भेग आम्ही बुजवली.

ती परत उघडली. यंदा गेलो तेव्हा प्रल्हादभाऊ शेतात होते. चहा ठेवून सुनंदाबाई दाराशीच उभ्या राहिल्या.

"साहेब, मी आता तिकडं तांब्याभर पाणीही टाकत नाई. मंग काहून वाढून राह्यली?"

"जुनी ओल असेल," मी म्हणालो आणि चहा प्यायलो.

वरून पातळी साधली म्हणून खालचा पाया सुधारत नाही. हे मला शिकताना सांगितलं होतं, मीही नव्या इंजिनिअरांना सांगतो.

त्या कोपऱ्याखाली मुरमापर्यंत खोदून नवा पाया द्यायचा आहे. ते काम माझं आहे. त्याआधी प्रल्हादभाऊंच्या समोर सुनंदाबाईंना सांगायचं आहे, की घर तुमच्या पाण्यानं फुटलं नाही, मी फोडलं. अजून सांगितलेलं नाही.