ओव्याची धुरी
शेजारच्या घरातून आज ओव्याच्या धुराचा वास आला आणि काळाचौकीची आमची जुनी खोली आठवली. बहीण बाळंतपणाला आली होती. समोर पाडलेल्या गिरणीच्या जागेवर टॉवर उठत होता. सकाळी पुसलेल्या भांड्यांवर दुपारी बोट फिरवलं तर रेघ उमटायची. बाळाला ही धूळ नको म्हणून आईने खिडक्या लावल्या, फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या आणि बाळाला न्हाऊ घालून, आम्हा भावंडांना द्यायची तशीच, निखाऱ्यांवर ओवा आणि लसणीची सालं टाकून धुरी दिली. आमच्या वेळी तो धूर खिडकीतून निघून जायचा, आता खोलीतच घुटमळत राहिला. बाळ खोकू लागलं तशी आईने धुरी वाढवली, आणि एका सकाळी त्याचे ओठ निळसर दिसले. "घरात सिगरेट कोण ओढतं?" डॉक्टरांनी विचारलं. "आमच्यात कोण नाय ओढत," आई म्हणाली, "धुरी तेवढी देते मी." ते म्हणाले, "ती आधी बंद करा. मोकळी हवा लागू द्या त्याला." आई हळूच म्हणाली, "ती कुठून आणू?" बाळ वाचलं, आता शाळेत जातं, दप्तरात दम्याचा पंप घेऊन. मघाशी शेजारणीला खिडकी उघडायला सांगावं म्हणून मी तिच्या दारात गेले. तिच्या बंद खिडकीच्या काचेवर बाहेरून धुळीचा थर बसला होता आणि खाली नव्या इमारतीचं खोदकाम चालू होतं. मी तिच्या बाळाला बघितलं आणि तशीच परत आले.