जनकाबाईचा कान

जलंब मागं टाकलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. शेगाव अजून दोन-अडीच कोस असेल. जनकाबाई माझ्यापुढं चालत होती. दोन्ही कानांत कापसाचे बोळे, वरून पदर घट्ट गुंडाळलेला. नांदुऱ्याला आगगाडीत बसलो असतो तर एव्हाना दर्शन घेऊन बसलो असतो. पण इंजिनाची शिट्टी तिला सोसणार नव्हती. म्हणून काल पहाटेपासून पायी, आणि तेही रूळ सोडून शेतातल्या वाटेनं.

"मावशी, टेकू का थोडं?" मी म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही. खांद्याला हात लावला तेव्हा वळली.

"नको व विमल. चालते तवर बरं वाटते. पायाचा आवाज होते ना. बसलं का ते कानातलं सुरू होते."

"आत्ता कसं आहे?"

"कसं राहीन? ज्वारीत रातकिडे वरडतात ना, तसं. पन रातकिडा तरी मानसाची चाहूल लागली का गप होते. ह्याले तेवढीही लाज नाही."

एवढं बोलून ती हसली. मला हसू आलं नाही.

जनकाबाई आमच्या गावची सुईण. आमचं गाव वडनेर भोलजीच्या दक्षिणेला, बरड अंगाला. दवाखाना थेट नांदुऱ्याला, बैलगाडीनं अर्धा दिवस मोडतो. त्यामुळे गावातली निम्मी माणसं तरी तिच्याच हातावर जन्मली. हात सगळ्याच सुइणी लावतात, ही कान लावायची. आधी घरातल्यांना बाहेर काढायची, जातं-मुसळ थांबवायची. मग बाईच्या ओटीपोटाला डावा कान लावून डोळे मिटायची. लेकराचं काळीज सापडलं की ते जसं धावायचं तसं त्या बाईच्या गुडघ्यावर बोटानं वाजवायची. टकटक टकटक, भराभर. "पाय, कसं पयते तुहं लेकरू," म्हणायची. माझी शालू पोटात होती तेव्हा तिचं काळीज मी पहिल्यांदा असंच माझ्या गुडघ्यावर ऐकलं. बाळंतपणाची कळ मी विसरले, ती टकटक नाही विसरले.

महाराष्ट्र होऊन चारएक वर्षं झाली असतील. गावोगाव विहिरी खोदणं चालू होतं. शेषरावांच्या विहिरीला खडक लागला म्हणून सुरुंग लावायचे. लाल फडकं हलवून कामगार तीनदा ओरडायचा, "बार हाय, बार!" की निंदणाऱ्या बाया बांधाआड बसायच्या आणि बार मोजायच्या. जितकी भोकं तितके बार झाले की उठायचं, अशी रीत. मोजायचं काम जनकाबाईकडे. तिच्यासारखा कान गावात कुणाचा?

त्या दिवशी भोकं तीन होती. पहिला बार झाला, दुसरा झाला, आणि समोरच्या कड्यावर आदळून दुसऱ्याचाच आवाज परत आला. तो तिनं तिसरा धरला. "झाले व तीन, उठा," म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच बांधावर चढली. तेवढ्यात तिसरा उडाला. दगड कुणाला लागला नाही. ती मात्र दोन्ही कान धरून मटकन खाली बसली.

तशी बारीक किर्र तिच्या कानात आधीपासून होती. हिवतापात कोयनेलच्या गोळ्या खाल्ल्या तेव्हापासूनची. पण ती सवयीची, घरातल्या मांजरीसारखी. बारानंतर दोन दिवस काहीच ऐकू आलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी तीच किर्र चवताळून उठली. लसूण कढवून तेल घातलं, अंगारा लावला. शेवटी नांदुऱ्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "आजी, तेल-बिल काही घालू नका. आतली शीर दुखावलीय. याला औषध नाही. अगदी सामसूम बसू नका, जवळ हलका आवाज असू द्या. मोठ्या आवाजापासून लांब राहा. हळूहळू कमी होईल, नाही तर सवय होईल."

एका दुपारी मी गेले तर ती जातं फिरवत होती. पीठ पडत नव्हतं. वाकून पाहिलं, जात्यात दाणाच नव्हता.

"मावशी, रिकामं जातं फिरवू नये."

"मले माईत हाय व. पन ह्याच्या घरघरीत ते थोडं बुडते. दाने कुठून आनू दिवसभर?"

दगडावर दगड घासत होता.

पण खरं वाईट झालं ते गोजरबाईच्या सुनेच्या वेळी. ती सून, बनाबाई, अडली होती. जनकाबाईनं कान लावला. एकीकडून लावला, दुसरीकडून लावला, कान बदलला. डोळे मिटून कितीतरी वेळ तशीच. गुडघ्यावरचं बोट काही हलेना. "हाय ना व, जनकाबाई?" गोजरबाईनं दारातून विचारलं. जनकाबाई 'हाय' म्हणाली नाही की 'नाही' म्हणाली नाही. खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. गोजरबाई समजायचं ते समजली आणि तिनं गळा काढला. ओसरीवर माणसं जमली. तासाभरानं पोरगं झालं, खणखणीत रडणारं.

गोजरबाईनं पेढे वाटताना साऱ्या आळीत सांगितलं, "जित्या नातवासाठी रडवलं मले त्या बहिरीनं! आता तिनं जात्यालेच कान लावावा."

त्यानंतर जनकाबाईला कुणी बोलावलं नाही. आणि माझी शालू तर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. आमच्या घरी ठरलं होतं, आठवडाभर आधीच शालूला नांदुऱ्याला न्यायचं. मी ते जनकाबाईला सांगितलं नव्हतं. रस्ताभर सांगायचं म्हणत होते आणि चालत होते.

शेगावला पोचलो तेव्हा दुपारची आरती चालू होती. घंटा, टाळ, नगारा. मंदिराच्या दारातूनच जनकाबाई मागं फिरली आणि पार रस्त्यापलीकडे भिंतीला तोंड करून, कानावर हात दाबून उभी राहिली. चौदा कोस चालून आलेली बाई देवाकडे पाठ करून. मी महाराजांना तिथूनच हात जोडले. तिच्यासाठी काय मागावं तेही सुचेना.

आरती संपल्यावर ती आत गेली. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "काय मागितलं?"

"म्हटलं, कायमचं नाई म्हनत. शालूचं होतवर तेवढं थांबव."

"थांबलं?"

तिनं थोडं ऐकून पाहिलं. नाही अशी मान हलवली.

मग पायरीवर बसून तिनं माझा हात ओढून घेतला. "विमल, तुमी शालूले नांदुऱ्याले नेऊन राह्यले ना? तुह्या तोंडावर दिसते व, मले काई ऐकू याची गरज नाही. न्या. चांगलंच हाय. पन वक्ताचं काई सांगता येत नाही. गाडी जुपाच्या आधी कळा लागल्या त मले बोलाव. माहे हात अजून चांगले हायेत. कान तू लावजो. अन् जे ऐकू येईन ते माह्या गुडघ्यावर वाजवजो, मी वाजवत होती तसं."

मी मान डोलावली. तिनं हात सोडला नाही.

"अन् काईच ऐकू नाही आलं ना पोरी, त मले बरं वाटावं म्हनून वाजवू नको."