पळसाचे तीनशे साठ देठ

पाप करणाऱ्याला देव लगेच का पकडत नाही, हा प्रश्न मला बारा वर्षे पडत होता. रोज आंघोळ करून मी महादेवाच्या पिंडीवर पाणी घालायचो, आणि शेतात धानही चांगले पिकायचे. गावात लोक मला सरळ माणूस म्हणत. ते ऐकताना लाज वाटायची, तरी मी ऐकून घ्यायचो.

माझा धाकटा भाऊ ब्रह्मदेशाच्या लढाईत मारला गेला. लहानपणापासून त्याला यंत्रांचे वेड. गोंदियाला शिकायला ठेवला तर शाळेपेक्षा जास्त वेळ राइस मिलच्या इंजिनाजवळ उभा राहायचा. मॅट्रिक झाला आणि घरी न विचारता विमानदलात भरती झाला. बॉम्ब टाकणाऱ्या दोन माणसांच्या विमानात हा वैमानिकाच्या पाठीला पाठ लावून बसायचा, हातात बंदूक. सुट्टीवर आला तेव्हा हसत म्हणाला होता, सगळे लोक पुढे पाहत जातात, मी एकटा मागचे पाहत जातो. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते.

आधी तार आली, बेपत्ता असल्याची. दोन महिन्यांनी त्याच्या सोबत्याची हिंदीत लिहिलेली चिठ्ठी आली, ती माझ्याच हाती पडली. होळीनंतर तिसऱ्या दिवशी भावाचे विमान पेटून डोंगरावर आदळताना या सोबत्याने मागच्या विमानातून पाहिले होते. कोणी वाचणे शक्य नव्हते. खाली लिहिले होते की, माझे काही बरेवाईट झाले तर बायकोला बसवून ठेवू नका, तिचे दुसरे घर बसवून द्या, असे तुमचा भाऊ बोलून ठेवत असे.

मी ती चिठ्ठी बियाण्याच्या ढोलीत, धानाच्या तळाशी टाकली. आई अर्धांगाने पडून होती, माझी बायको दम्याची. आईचे हगणे-मुतणे काढणारी, चिखलात दिवसभर वाकून धानाचा रोवणा, म्हणजे लावणी करणारी घरात एकच बाई होती, धाकट्याची बायको. आमच्या जातीत विधवेचा पाट लागतो, दुसरे लग्न होते. ती एकोणीस वर्षांची होती, वर्षभरात कोणीही मागणी घातली असती. मग माझे घर कोणी ओढले असते? आईला धक्का बसेल असे मी मनाला सांगितले, पण खरे कारण हेच होते. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहायची असा शास्त्राचा आधारही मला आयता मिळाला. ती कुंकू लावून नवऱ्यासाठी सोमवार धरत राहिली आणि मी पाहत राहिलो.

आई गेली. स्वराज्य येऊन नऊ वर्षे झाली होती आणि बारा वर्षे भरली. पुरोहित म्हणाले, आता देहाच्या जागी पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्या, तीनशे साठ देठ लागतील. मरणाची तिथी माहीत आहे का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. मग सर्वपित्री अमावस्या धरू, असे ठरले. गावाजवळच्या पळसांवर लोकांनी लाख लावलेली, त्या फांद्या तोडल्या तर लाखेचे किडे मरतात, म्हणून पुरोहितांनी त्या घेऊ नका असे बजावले. मी आमगावहून गाडीत बसलो आणि देठ आणायला दरेकशाच्या जंगलात गेलो.

शंभरेक देठ झाले असतील, तोच हिवताप भरला. दात वाजू लागले आणि मी पळसाखालीच आडवा झालो. डोळे उघडले तेव्हा ऊन उतरले होते. मी एका झोपडीच्या सावलीत होतो, अंगावर घोंगडे होते आणि एक म्हातारा गोंड काढ्याचा गडवा घेऊन बसला होता. तोंड कडूजहर झाले होते. शेजारी देठांची जुडी बांधून तयार होती, मोजले तर तीनशे साठ. किती हवेत हे मी त्याला कधी सांगितले, ते मला आठवेना.

म्हाताऱ्याने माझ्याकडे न पाहता म्हटले, "तापात तू त्या चिठ्ठीचंच बोलत होता बाबू. मेल्या माणसाले बारा वर्षं काऊन जितं ठेवलं?"

मी लहान मुलासारखा रडलो. तो म्हणाला, "मले सांगून झालं ना तुयं? आता घरी सांग. दुसऱ्यांदा एवढं जड नाही जात." स्टेशनपर्यंत जुडी त्यानेच उचलून आणली. पुढे मी दोनदा त्याला शोधायला गेलो, भेट झाली नाही. कोणी म्हणाले मजुरीला गेला असेल. असेलही.

आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्याशी, म्हणजे मोठ्या दिराशी, बोलत नाही. चौदा वर्षांत आमच्यात एक शब्द झाला नव्हता. मी ढोली उपसली, चिठ्ठी काढली आणि ओसरीत तिच्याकडे पाठ करून वाचली. ती दाराआड उभी होती. शेवटची ओळ, दुसऱ्या घराची, वाचून मी चिठ्ठी उंबऱ्यावर ठेवली. मग ती प्रथमच माझ्याशी बोलली.

"मले वाटे, देव माझं आयकूनच नाही राहिला. मधात तर तुमी उभे होता, भाऊजी."

ती ओरडली असती तर बरे झाले असते.

पुरोहितांना मी खरी तिथी सांगितली. पुतळ्याला अग्नी मी देणार होतो, तर तिने माझ्या हातातून पेटती काडी घेतली आणि स्वतः दिला. पुरोहितांनी मंत्र चालू ठेवले, मी तर अडवण्यालायक नव्हतोच. चौथ्या दिवशी ती गोंदियाला भावाकडे निघून गेली. पाटाची गोष्ट निघाली तेव्हा ती नको म्हणाली. एकतीस वर्षांची आहे मी, आता कोणाचं घर नव्यानं सांभाळू, असे म्हणाल्याचे तिच्या भावाकडून कळले. तिने मला क्षमा केलेली नाही आणि मी मागितलेलीही नाही.

देवाने मला पकडले ते शिक्षा देऊन नव्हे, ताप देऊन, काढा पाजून आणि माझे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर स्टेशनपर्यंत पोचवून. एवढ्या दयेची माझी लायकी नव्हती. शरण जाणे म्हणजे देवापुढे डोके टेकणे, असे मी समजत होतो. आता रोज पिंडीवर पाणी घालतो, तिच्यासाठी काही मागायला तोंड उघडत नाही, आणि बाजूला सरून उभा राहतो.