टेकडीवरचा अंगठा

ऑब्जेक्शनचा मेल आला तेव्हा मी एकलहऱ्याच्या साईटवर गुडघाभर खड्ड्यात उभा होतो. पाठोपाठ आमचे मालक शिरसाठ साहेब यांचा फोन.

"पेठचं काम गेलं समज."

आमची नाशिकची छोटी ब्रॉडबँड कंपनी. पेठ तालुक्यातल्या काही पाड्यांपर्यंत आम्हाला फायबर न्यायचं होतं, म्हणजे इंटरनेट वाहून नेणारी काचेच्या तंतूंची केबल. डोंगरात खर्च फार, गिऱ्हाईक थोडं. मधली तूट सरकार भरून देणार होतं. त्याला गॅप फंडिंग म्हणतात. अट अशी की तिथे आधीपासून कुणाची सेवा नको. एका मोठ्या कंपनीने कळवलं, आमचं नेटवर्क तिथे आहेच. पुरावा काय, तर रेशन दुकानाच्या, ओळख पटवायच्या पॉस मशीनवर दर महिन्याला अंगठे ऑनलाइन लागतात. नेट नसेल तर लागतील कसे?

माझं डोकंच फिरलं. मी त्या डोंगरात वर्षभर सर्व्हे केला होता. दुकानदार यशवंत गावित मशीन पिशवीत घालून पाऊण तास टेकडी चढतो, मागून सारं गाव. वर रेंज मिळते. अंगठे लावायचे, खाली यायचं, मग धान्य घ्यायचं.

"सरकारकडून तपासणीला मॅडम येतायत, त्यांना वाटपाच्या दिवशीच ने," साहेब म्हणाले. मी वर शहाणपणा केला. आदल्या दिवशीच यशवंतभाऊंना फोन करून ठेवला. तिथेच माती खाल्ली.

कुलकर्णी मॅडमना घेऊन पोचलो तर दुकानासमोर शिस्तीत रांग. लोक पावती दाखवत होते, तांदूळ घेत होते. चहासुद्धा तयार होता.

"हे तर छान चाललंय," मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मी यशवंतभाऊंना विचारलं, "टेकडीचं काय?"

"ते कालच उरकलं ना सायेब. मॅडम येनार, त्यांना उगा कशाला ताटकळत ठेवायचं?"

मी मॅडमना हे समजावलं. बोलताना माझं मलाच ते बनवाबनवीसारखं वाटत होतं.

"पावतीवर तारीख कालची आहे, पण टेकडी कुठे लिहिलीय?" त्या म्हणाल्या. "इथे मशीन चालवून दाखवा."

"कुनाचा अंगठा लावू? समद्यांचे झाले," यशवंतभाऊ म्हणाले.

"माझा ऱ्हायलाय."

दुकानाच्या पायरीवर सोमीबाई भोये बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या काल वर गेल्या नव्हत्या. मागच्या महिन्यातही नाही, म्हणून तेव्हाचा तांदूळही बुडाला होता. यशवंतभाऊंनी मशीन पुढे केलं. अंगठा ठेवला. स्क्रीनवरचं चाक गोल गोल फिरत राहिलं. पुन्हा ठेवला. चार वेळा झालं.

"मग वर चला," मॅडम म्हणाल्या.

चौघांनी सोमीबाईंना खुर्चीत बसवून उचललं. मॅडम चपला सावरत मागून, तीनदा थांबून. वर सपाट खडकावर पहिल्याच वेळी अंगठा लागला आणि पावती निघाली. मॅडमनी जागेच्या नोंदीसकट फोटो काढला.

"आजी, आधीच का नाही सांगितलंत उचलून न्यायला?"

"दर म्हैन्याला किती जनांची मजुरी बुडवू, बाई?"

मॅडमनी ते वाक्य तसंच वहीत टिपून घेतलं. मला मात्र इतकं हायसं वाटलं की मी तिथेच खडकावर बसलो. खरं सांगतो, डोळे भरून आले होते.

ऑब्जेक्शन फेटाळलं गेलं. पावसाळ्यानंतर फायबर दुकानापर्यंत पोचलं. पहिल्या वाटपाला मी मुद्दाम गेलो. सोमीबाईंनी पायरीवर बसूनच अंगठा लावला आणि पिशवी पुढे केली. तीच मोठी कंपनी आता आमच्या केबलमधले काही तंतू भाड्याने मागते आहे. साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि भाडं जरा चढंच सांगितलं.

मी एवढंच शिकलो: पाहणीला जाताना गावाला आधी कळवू नये. पाहुणा येणार म्हटलं की लोक घर आवरतात, तशी अडचणही आवरून ठेवतात.